वारा मोजायला किती आकडे लागतात?

११ मे २०२१ या दिवशी इंग्लंडमधल्या रेडिंग येथील युरोपीय हवामान केंद्राने आपल्या रोजच्या अंदाजाच्या गणितात एक बदल केला. हे केंद्र पुढच्या दहा-पंधरा दिवसांचे जागतिक अंदाज देते आणि या कामात त्याचा मोठा लौकिक आहे. तोवर जे गणित सुमारे सोळा अंकांपर्यंत नेमके केले जात होते, ते त्या दिवसापासून सुमारे सातच अंकांपर्यंत होऊ लागले. प्रत्येक बेरीज आणि प्रत्येक गुणाकार पूर्वीपेक्षा ओबडधोबड झाला. एरवी एखाद्या संस्थेने असे काही केले तर आपण म्हणू, काटकसरीच्या नादात गुणवत्तेवर पाणी सोडले. पण अंदाज बिघडले नाहीत. वाचलेला वेळ केंद्राने दुसऱ्या कामाला लावला आणि अंदाज सुधारले.

कमी नेमके गणित करून उत्तर अधिक चांगले कसे येते? आणि मग आणखी अंक गाळले तर काय होईल? मी पस्तीस वर्षे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना द्रायुयामिकी शिकवली, म्हणजे वाहणाऱ्या पदार्थांचे शास्त्र. ('द्रायू' हा मराठी परिभाषेतला मला फार आवडणारा शब्द. द्रव आणि वायू या दोघांना एका दमात हाक मारणारा.) तोंडी परीक्षेत एखादा विद्यार्थी संगणकातून आलेले उत्तर अभिमानाने पुढे करायचा : ०.३७२६१८४५९. मी विचारायचो, "यातले अंक तुझे किती आणि यंत्राचे किती?" बहुतेक जण गोंधळून बघत राहायचे. या लेखाचा विषय तोच प्रश्न आहे. तो वर्गापुरता राहिलेला नाही. पावसाचा अंदाज किती बारकाईने सांगता येईल आणि पृथ्वीच्या तापण्याचा हिशेब बरोबर लागेल की नाही, हे आता त्यावर अवलंबून आहे.

जाळीतला वारा

वाहत्या पाण्याची आणि हवेची समीकरणे जुनीच आहेत. फ्रान्सच्या नाव्हिए यांनी ती १८२२ मध्ये मांडली आणि ब्रिटनच्या स्टोक्स यांनी १८४५ मध्ये त्यांना आजचे रूप दिले. न्यूटनच्या नियमांचाच तो विस्तार आहे. अडचण एवढीच, की काही सोपे प्रसंग सोडले तर ही समीकरणे कागदावर सुटत नाहीत. त्यांना नेहमी उत्तर असतेच का, हेही कोणी अजून सिद्ध केलेले नाही. २००० साली क्ले संस्थेने त्यासाठी दहा लाख डॉलरचे बक्षीस लावले, ते अद्याप तसेच आहे.

म्हणून आपण तडजोड करतो. सलग हवेवर एक काल्पनिक जाळी टाकतो. जाळीच्या प्रत्येक घरात एक दाब, एक तापमान, एक वेग. शेजारच्या घरांशी तुलना करून पुढच्या काही मिनिटांत या घरात काय बदलेल ते काढायचे, सगळ्या घरांसाठी काढायचे, आणि पुन्हा पुढची काही मिनिटे. वाक्यात हे सोपे वाटते. वर सांगितलेल्या केंद्राच्या मुख्य प्रारूपात घरांची रुंदी सुमारे ९ किलोमीटर होती. त्या जाळीत पृथ्वीच्या पृष्ठभागावर सुमारे ६६ लाख बिंदू येतात आणि प्रत्येक बिंदूच्या डोक्यावर हवेचे १३७ थर. म्हणजे एका क्षणाच्या नुसत्या तापमानासाठी जवळपास ९० कोटी आकडे.

ही पद्धत पहिल्यांदा पूर्णपणे वापरून पाहिली ती संगणकाशिवाय. लुईस फ्राय रिचर्डसन हा इंग्रज शास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होता. शांततावादी क्वेकर पंथाचा, म्हणून शस्त्र धरायचे नाही, पण जखमींना वाहून न्यायचे. फावल्या वेळात त्याने २० मे १९१० या एका दिवसाच्या हवेचे गणित हाताने मांडले. मधल्या धामधुमीत त्याचे हस्तलिखित हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. १९२२ मध्ये ते पुस्तक म्हणून आले. उत्तर काय आले? सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ हललाच नव्हता. मोठ्या चक्रीवादळातही दाब इतका बदलत नाही.

रिचर्डसनने बरेचसे गणित स्लाइड रूलवर, म्हणजे सरकपट्टीवर केले होते. तिच्यावर जेमतेम तीन अंक वाचता येतात. मग चूक त्या तीन अंकांमुळे झाली का? नाही. पुढे पीटर लिंच या आयरिश शास्त्रज्ञाने तेच गणित संगणकावर पुन्हा केले. सुरुवातीच्या निरीक्षणांत वारा आणि दाब यांचा मेळ नव्हता, त्यामुळे सगळे बिनसले होते. तो मेळ आधी घालून घेतला, की रिचर्डसनच्याच पद्धतीने समंजस उत्तर येते. त्याने सोळा अंकांपर्यंत काटेकोर गणित केले असते, तर १४५ च्या पुढे दशांशचिन्ह देऊन आणखी अंक मिळाले असते, आणि ते सगळे तितकेच चुकीचे असते.

तेव्हा चुका येण्याच्या वाटा अनेक आहेत. निरीक्षणे अपुरी असतात. जाळीच्या घरापेक्षा लहान गोष्टी, उदाहरणार्थ एकेक ढग, जाळीतून निसटतात आणि त्यांच्यासाठी अदमासाचे नियम लावावे लागतात. घरे मोठी असल्यामुळे शेजाऱ्यांतला फरक ढोबळ येतो. आणि सर्वांत शेवटी, यंत्र प्रत्येक आकडा थोडा कापून ठेवते. ही चौथी वाट इतर तिघींच्या मानाने केवढी, हा खरा प्रश्न आहे.

यंत्राची मोजपट्टी

संगणक आकडे कसे ठेवतो हे समजण्यासाठी एक विचित्र मोजपट्टी डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर १ ते २ यांच्यामध्ये जितक्या खुणा आहेत, तितक्याच २ ते ४ यांच्यामध्ये, तितक्याच ४ ते ८ यांच्यामध्ये. पुढे जावे तशा खुणा विरळ होत जातात. कोणतेही उत्तर आले की ते जवळच्या खुणेवर नेऊन बसवायचे. दोन खुणांच्या मध्ये यंत्राला काही दिसत नाही.

खुणा किती, हे आकड्याला किती जागा दिली त्यावर ठरते. जागा बिटमध्ये मोजतात. ६४ बिटांच्या 'डबल प्रिसिजन'मध्ये १ ते २ यांच्यात सुमारे ४५ कोटींच्या कोटीपट खुणा असतात. ३२ बिटांच्या 'सिंगल प्रिसिजन'मध्ये ८३,८८,६०८. आणि १६ बिटांच्या 'हाफ प्रिसिजन'मध्ये फक्त १,०२४. दशांश पद्धतीत बोलायचे तर अनुक्रमे सुमारे सोळा, सात आणि तीन अंक. विल्यम कॅहन यांच्या पुढाकाराने १९८५ मध्ये या मांडणीचे जागतिक मानक ठरले. त्याआधी प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी असायची.

पट्टी विरळ होते याचा अर्थ काय, हे मी घरच्या संगणकावर करून पाहिले. सिंगल प्रिसिजनमध्ये शून्यापासून सुरुवात करून एकेक मिळवत गेलो. १,६७,७७,२१६ पर्यंत सगळे सुरळीत. तिथे गाडी थांबली. त्यात एक मिळवला तरी उत्तर १,६७,७७,२१६ च येते, कारण तिथून पुढे खुणा दोन-दोनच्या अंतरावर आहेत. कितीही वेळ एक मिळवत बसा, यंत्र जागचे हलत नाही आणि तक्रारही करत नाही.

आकडा अदमासे आहे हे मान्य करण्यात कमीपणा नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ दिला, तेव्हा त्याने तो 'आसन्न' आहे असे म्हटले. आसन्न म्हणजे जवळचा, पूर्ण नेमका नव्हे. यंत्राचा प्रत्येक आकडा आसन्नच असतो, फक्त यंत्र तसे सांगत नाही.

चौसष्ट बिटांची सवय

मोठ्या शास्त्रीय गणितासाठी ६४ बिट ही सवय पडली त्याला कारणे होती. १९७६ मध्ये आलेल्या क्रे-१ या गाजलेल्या महासंगणकात आकड्यांसाठी ६४ बिटांचीच जागा असे, आणि पुढच्या क्रे यंत्रांनीही तीच रीत चालवली. जागा आहे तर वापरावी, शंका नको. माझ्या पिढीच्या अभियंत्यांना हे इतके अंगवळणी पडले होते, की प्रोग्रॅम लिहिताना 'डबल' हा शब्द आपोआप हातून उतरायचा. सोनाराच्या काट्यावर कांदे तोलले तरी वजन चुकत नाही, असा तो हिशेब.

पण सोनाराच्या काट्यावर ट्रकभर कांदे तोलायला बसले, की दिवस मावळतो. आजच्या यंत्रांत बेरीज-गुणाकार करणे फारसे महाग राहिलेले नाही. महाग आहे ती ने-आण. स्मृतीतून आकडा उचलायचा, गणकापर्यंत न्यायचा, उत्तर परत ठेवायचे. वेळ आणि वीज यातच जाते. वर सांगितलेले ९० कोटी आकडे ६४ बिटांत ठेवले तर ७ गिगाबाइटांहून अधिक जागा लागते, ३२ बिटांत निम्मी. आकडा निम्मा झाला की त्याच रस्त्याने दुप्पट आकडे जातात. शिवाय आता ज्या ग्राफिक्स चिपांवर गणित चालते, त्या मुळात खेळ आणि चित्रांसाठी, व नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी बनल्या. त्यांना कमी बिटांचे गणित फार भराभर येते आणि साध्या चिपांना ६४ बिटांचे काम दिले की त्या रडकुंडीला येतात.

युरोपीय केंद्राला सिंगल प्रिसिजनमुळे सुमारे ४० टक्के वेळ वाचला. त्या वेळाचे काय केले? त्यांचा अंदाज एक नसतो. मुख्य अंदाजाच्या जोडीला ते सुरुवातीची स्थिती किंचित बदलून ५१ वेळा तेच गणित करतात, आणि ५१ पैकी किती जण पाऊस सांगतात त्यावरून शक्यता ठरवतात. या एक्कावन्न जणांच्या गटात तोवर हवेचे ९१ थर असत. वाचलेल्या वेळात ते १३७ करता आले. थर दीडपट, यंत्र तेच. दशांशचिन्हानंतरचे नऊ अंक दिले आणि वातावरणाचे शेहेचाळीस थर घेतले, असा हा सौदा होता.

लॉरेन्झची दुसरी बाजू

इथे जाणकार वाचक हरकत घेईल. एडवर्ड लॉरेन्झ यांची गोष्ट आता शाळकरी पुस्तकांतही असते. १९६१ मध्ये ते अमेरिकेतल्या एमआयटीत एका छोट्या संगणकावर बारा चलांचे खेळण्यासारखे हवामान चालवत होते. एक गणित मधूनच पुन्हा सुरू करावे म्हणून त्यांनी छापील कागदावरचा आकडा यंत्रात भरला : ०.५०६. यंत्राच्या पोटात मात्र तो ०.५०६१२७ होता. फरक चार हजारांत एक भाग. कॉफी पिऊन तासाभराने येऊन पाहतात तो दोन्ही हवामाने एकमेकांना ओळख दाखवेनाशी झालेली. यातून १९६३ चा तो प्रसिद्ध निबंध आला आणि पुढे फुलपाखराच्या पंखांची उपमा. मग अंक गाळणे म्हणजे असंख्य फुलपाखरे मोकळी सोडणे नव्हे का?

हरकत बरोबर आहे, पण तिला दुसरी बाजू आहे. फुलपाखरे आधीच मोकळी आहेत. वायुदाबमापक साधारण ०.१ हेक्टोपास्कलपर्यंत, म्हणजे १० पास्कलपर्यंत वाचतो. समुद्रसपाटीवरचा दाब एक लाख पास्कलच्या घरात. म्हणजे आपल्याला मुळात चारच अंक ठाऊक आहेत, आणि तेही जिथे मापक आहे तिथे. समुद्रावर, वाळवंटावर त्याहून कमी. सिंगल प्रिसिजनमध्ये एक लाखाच्या आसपास दोन खुणांतले अंतर ०.००७८ पास्कल येते. निरीक्षणाची अनिश्चितता यंत्राच्या कापाकापीपेक्षा हजारपटीहून मोठी. ज्या माणसाला घर स्टेशनापासून 'दीडेक किलोमीटर' एवढेच माहीत आहे, त्याने पुढचा हिशेब मिलिमीटरमध्ये ठेवून काय साधणार?

लॉरेन्झ यांच्या शोधाचा हा अर्थ मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्या प्रवाहात लहान चूक वाढत जाते, तिथे एकाच उत्तराचे अंक वाढवत बसण्यापेक्षा बरीच थोडी-थोडी वेगळी उत्तरे काढून त्यांचा पसारा पाहणे शहाणपणाचे. डिसेंबर १९९२ पासून युरोप आणि अमेरिकेत रोजचे अंदाज असे समूहाने काढले जाऊ लागले, त्यामागे हाच विचार आहे.

एक गोष्ट मात्र यामुळे हातातून जाते, ती म्हणजे हुबेहूब तेच उत्तर पुन्हा मिळण्याची खात्री. यंत्राच्या बेरजेत क्रमाला महत्त्व असते. दहा कोटींत आधी एक मिळवून मग दहा कोटी वजा केले, तर सिंगल प्रिसिजनमध्ये उत्तर शून्य येते. आधी वजाबाकी करून मग एक मिळवला, तर एक. हजारो गणक एकाच वेळी काम करतात तेव्हा कोणाची बेरीज आधी पोहोचेल ते सांगता येत नाही, आणि डबल प्रिसिजनमध्येही शेवटचे अंक बदलतात. खळाळत्या प्रवाहात तेवढा फरक पुरतो. म्हणून या क्षेत्रात दोन गणिते जुळतात का हे पाहताना एकेक भोवरा जुळवत नाहीत, सरासरी आणि चढउतारांचे स्वरूप जुळवतात.

जिथे गाळलेला अंक जीव घेतो

इथवर वाचून वाटेल, की अंक हा सगळा दिखाऊपणा. तसे नाही. काही जागा अशा आहेत, जिथे सात अंक पुरत नाहीत, आणि कुठे पुरत नाहीत ते ओळखणे हेच खरे कौशल्य.

पहिली जागा : दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी. वारा दाबामुळे वाहत नाही, दाबातल्या फरकामुळे वाहतो. खोलीतला दाब १,०१,३२५ पास्कल. पंख्यापासून दूर कोपऱ्यात हवा सेकंदाला दहा सेंटिमीटर सरकते आहे. अशा संथ हवेने दाबात पडणारा फरक सुमारे ०.००६ पास्कल. आणि तिथल्या दोन खुणांतले अंतर ०.००७८! म्हणजे ती झुळूक यंत्राच्या एका खुणेतही मावत नाही. दोन माणसांच्या साध्या बोलण्याने दाब ०.०२ पास्कलच्या आसपास हलतो. ते बोलणे सिंगल प्रिसिजनच्या पट्टीवर दोन-तीन खुणांचा जिना होऊन बसेल.

उपाय साधा आहे, पण तो माणसाला सुचावा लागतो. एक लाखाचा आकडा ठेवूच नका. सरासरी दाब बाजूला काढा आणि फक्त त्यापासूनचा फरक साठवा. शून्याजवळ पट्टीच्या खुणा अतिशय दाट असतात. मग सातच अंक, पण ते सगळे कामाच्या गोष्टीवर खर्च होतात. हवामानाची आणि विमानांची बरीच प्रारूपे हे फार पूर्वीपासून करत आली आहेत.

दुसरी जागा : एकाच दिशेने होणारी कापाकापी. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १,००० पासून नवा निर्देशांक सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर निर्देशांक नव्याने काढायचा आणि दशांशचिन्हानंतर तीन अंकांपुढचे सरळ कापून टाकायचे, जवळच्या आकड्यावर न्यायचे नाही, अशी रीत होती. एका वेळी तोटा एक हजारांश भागापेक्षाही कमी, पण दिवसात हजारो वेळा आणि नेहमी खालच्याच बाजूला. बावीस महिन्यांत निर्देशांक ५२० च्या आसपास घसरला. पुन्हा नीट हिशेब केला, तेव्हा तो १,०९८.८९२ निघाला. दोन्ही बाजूंना समान होणाऱ्या चुका एकमेकींना खातात. एका बाजूला झुकणारी चूक साचत जाते.

तिसरी जागा मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ती पृथ्वीच्या तापण्याशी जोडलेली आहे. समजा, जमिनीच्या पोटात काही मीटर खोल तापमान २८० केल्विन आहे, म्हणजे सुमारे ७ अंश सेल्सियस, आणि ते वर्षाला ०.०३ अंशाने वाढते आहे. प्रारूप पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे वर्षात ३५,०४० पावले. एका पावलात वाढ ०.०००००८६ अंशाचा दहावा भाग, म्हणजे ०.००००००८६. सिंगल प्रिसिजनमध्ये २८० जवळ खुणांचे अंतर ०.००००३०५. वाढ खुणेच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाही, म्हणून यंत्र तापमान परत जुन्याच खुणेवर बसवते. पुढच्या पावलाला पुन्हा तेच. शंभर वर्षांचे गणित करा, जमीन एका केसानेही तापणार नाही. १,६७,७७,२१६ वर थांबलेल्या गाडीचेच हे भावंड. कोठे इशारा नाही, आलेख मात्र शांत आणि सरळ.

केल्विनऐवजी सेल्सियसमध्ये साठवले तर? ७ जवळ खुणांचे अंतर ०.००००००४८ इतके बारीक होते आणि वाढ नोंदली जाते. पण ती दोन खुणांवर बसते आणि वर्षाची वाढ ०.०३ ऐवजी ०.०३३ येते. चूक लपली, गेली नाही. उद्याच्या हवेच्या अंदाजाला या गोष्टीने तसूभर फरक पडत नाही. शंभर वर्षांच्या हवामानाला पडतो. म्हणून 'सात अंक पुरतात' हे वाक्य कशासाठी ते सांगितल्याशिवाय अर्धवट आहे.

सुट्या पैशांची चिठ्ठी

यावर तोडगे निघाले आहेत, आणि त्यांतले काही आपल्या व्यवहारातल्या शहाणपणाची आठवण करून देणारे आहेत.

कॅहन यांनी १९६५ मध्ये बेरजेची एक युक्ती सांगितली. किराणा दुकानदाराकडे सुटे नसले की तो चिठ्ठीवर बाकी लिहून ठेवतो आणि पुढच्या खेपेस हिशेबात धरतो. तसेच, बेरीज करताना खुणेवर बसवण्यात जे गळाले, ते वेगळ्या आकड्यात जपायचे आणि पुढच्या बेरजेत आधी मिळवायचे. ७ अंकांच्या यंत्राकडून अशा रीतीने जवळपास दुप्पट अंकांचे काम करून घेता येते.

दुसरा तोडगा मिश्र गणिताचा. जमिनीतल्या खोल उष्णतेसारख्या नाजूक जागी ६४ बिट ठेवायचे, बाकी सगळीकडे ३२. घरात सोनाराचा काटा आणि वखारीचा काटा दोन्ही असावेत, तसे.

तिसरा तोडगा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला चेष्टाच वाटली होती. आकडा दोन खुणांच्या मध्ये पडला, तर नेहमी जवळच्या खुणेवर नेऊ नका. नाणेफेक करा, पण अंतराच्या प्रमाणात. आपल्या जमिनीच्या उदाहरणात एका पावलाची वाढ खुणेच्या सुमारे पस्तिसाव्या भागाइतकी आहे. तेव्हा पस्तीस वेळांत साधारण एकदा वरच्या खुणेवर न्यायचे, बाकी वेळा खाली ठेवायचे. एकेक पाऊल चुकीचे, पण वर्षाची बेरीज सरासरीने बरोबर. अडकलेली गाडी चालू लागते. चूक नाहीशी करता येत नसेल, तर निदान ती एका बाजूला झुकू नये, एवढी काळजी यात आहे.

या युक्त्यांच्या बळावर आता १६ बिटांपर्यंत जाण्याचे प्रयोग चालू आहेत. तिथे अडचणी फार. हाफ प्रिसिजनमध्ये सर्वांत मोठा आकडा ६५,५०४. समुद्रसपाटीचा दाब पास्कलमध्ये लिहायला गेलात तर तो पट्टीवर मावतच नाही. हेक्टोपास्कलमध्ये लिहिला तर १,०१३ जवळ खुणा अर्ध्या हेक्टोपास्कलच्या अंतरावर येतात. आपल्याकडे जुलैत बंगालच्या उपसागरावरून येऊन विदर्भ-मराठवाड्याला भिजवणारे कमी दाबाचे क्षेत्र आजूबाजूपेक्षा कित्येकदा दोन-चार हेक्टोपास्कलनेच खोल असते. त्याचे सगळे रूप चार-आठ पायऱ्यांत बसवावे लागेल. तरीही जपानमधल्या फुगाकू या महासंगणकात असतात तशा चिपवर मिलान क्ल्योव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उथळ पाण्याचे एक सोपे प्रारूप १६ बिटांत चालवून दाखवले. आकडे आधी योग्य पट्टीत आणले, सुट्या पैशांची चिठ्ठी ठेवली, आणि ६४ बिटांच्या जवळपास चौपट वेग मिळाला. उथळ पाण्याचे एक प्रारूप म्हणजे सगळे वातावरण नव्हे, पण वाट दिसली.

आपल्या अंगणात

हा विषय दूरच्या देशांतला वाटू नये म्हणून थोडे इकडचे. १९८० च्या दशकात मोसमी पावसाच्या अंदाजासाठी भारताला अमेरिकेकडून क्रे यंत्र हवे होते. पुष्कळ वाटाघाटींनंतर मागितले त्याहून कमी ताकदीचे यंत्र दिल्लीला आले. त्याच काळात, १९८६ मध्ये, बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत रोद्दम नरसिंह यांच्या प्रेरणेने 'फ्लोसॉल्व्हर' हा समांतर संगणक तयार झाला. नावातच प्रवाह होता. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाले आणि १९९१ मध्ये तिथून 'परम ८०००' बाहेर पडला. आज पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत 'अर्क' हा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा महासंगणक आहे. याच संस्थेत विकसित झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ मध्ये कामाला लागली. तिच्या जाळीचे घर ६ किलोमीटरचे आहे, आधीचे १२ किलोमीटरचे होते.

हे अर्धे करणे किती महागात पडते ते पाहा. घराची रुंदी निम्मी केली की पूर्व-पश्चिम दुप्पट घरे, उत्तर-दक्षिण दुप्पट. शिवाय घर लहान झाले की काळाचे पाऊलही लहान टाकावे लागते, नाहीतर गणित फुटते. कुरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी या तिघांनी १९२८ मध्येच ही अट दाखवून दिली होती. एकूण काम आठपट. बारा किलोमीटरच्या घरात सह्याद्रीचा कडा आणि त्याच्या पलीकडचे पर्जन्यछायेचे गाव एकाच आकड्यात कोंबले जाण्याची भीती असते. सहा किलोमीटरला ते थोडे सुटे होतात. तीन किलोमीटरला आणखी सुटतील, पण पुन्हा आठपट काम, आठपटीच्या घरात वीज. प्रत्येक आकड्यात वाचलेले बिट इथे कामाला येऊ शकतात. माण-खटावच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तापमानाचा दहावा अंक आणि आपल्या गावासाठी वेगळे घर यांत निवड करायची तर ती अवघड नाही.

पण त्याच यंत्रावर कोणी २१०० सालचा दुष्काळ मोजत असेल, तर जमिनीतला सातवा अंक बेलाशक गाळता येणार नाही. एकाच समीकरणाला दोन प्रश्न विचारले, तर दोघांना वेगवेगळे अंक लागतात. आपण अंदाज वाचतो तेव्हा '६० टक्के शक्यता' हा आकडा वाचतो. तो दोन अंकी आहे, आणि त्यामागे अब्जावधी सात अंकी आकडे आहेत. त्या दोन अंकांमध्ये जितके ठाऊक आहे तितकेच सांगितलेले असते. माझ्या विद्यार्थ्याच्या नऊ अंकी उत्तराबद्दल तसे म्हणता येत नव्हते.